टाइम झोन नावाने लिहा, आकड्याने नको

मार्चच्या शेवटच्या रविवारनंतरचा सोमवार होता. दुपारी पावणेएकच्या सुमारास मोपा विमानतळाच्या वाटेवरून आमच्या ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, पाहुणे तापलेत. विमानतळाबाहेर येऊन उभे आहेत म्हणे. मला तर तुम्ही दीड सांगितला होता."

दीड मीच सांगितला होता. उत्तर गोव्यातल्या एका छोट्या हॉटेलचे संगणक मी सांभाळतो आणि गाड्या पाठवायची एक्सेल शीटही माझीच. लंडनहून निघण्याची वेळ, अधिक साडेपाच तास, अधिक प्रवासाचे सुमारे दहा तास, अधिक इमिग्रेशन आणि सामानाचा एक तास, एवढाच हिशेब. नोव्हेंबरपासून तो एकदाही चुकला नव्हता. पण आदल्या दिवशी पहाटे ब्रिटनने घड्याळे तासभर पुढे केली. लंडन आणि गोवा यांच्यातले अंतर साडेपाचवरून साडेचार तासांवर आले आणि माझी शीट मात्र साडेपाचच मिळवत बसली. खरे तर तिकिटावर उतरण्याची वेळ गोव्याच्याच घड्याळाची छापलेली असते. ती उचलली असती तर हिशेबच करावा लागला नसता. पण हुशारी आडवी आली.

आपल्याकडे ही चूक हमखास होते, कारण आपल्याला घड्याळ हलवायची सवय नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हिंदुस्थानात घड्याळे तासभर पुढे ठेवली होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये ती मागे घेतली, त्यानंतर भारतीय प्रमाणवेळ हललेली नाही. ८२.५ अंश पूर्व रेखांशाची ही वेळ, तर पणजी ७३.८ अंशांवर. म्हणजे पणजीतला सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटे मागे असतो. आपण तेही मनावर घेत नाही. त्यामुळे टाइम झोन म्हणजे एक कायमचा आकडा, असा आपला समज पक्का झाला आहे. संगणकाच्या दृष्टीने तो आकडा नसतो. टाइम झोन म्हणजे एका ठिकाणाचे नाव, आणि त्या नावामागे कोणत्या दिवशी कोणता आकडा लागू होता याची वही. वही सरकारे बदलतात, कधीकधी आठवडाभराच्या सूचनेने.

आधी चुकीचे माप घ्या

वेळ चुकली की बहुतेक जण लगेच सेटिंग्जमध्ये शिरतात आणि काटा हाताने सरकवतात. तसे करू नका. चूक नेमकी किती मिनिटांची आहे ते आधी बघा. दुखणे कुठले आहे ते त्या आकड्यावरूनच कळते.

काही सेकंद किंवा दोन-पाच मिनिटांचा फरक असेल तर टाइम झोनचा संबंध नाही. घड्याळच भरकटले आहे. इंटरनेटवरून वेळ जुळवणे बंद असेल ते चालू करा. भारताची प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते आणि तिचा वेळ देणारा सर्व्हरही आहे. कंपनीची यंत्रे असतील तर सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देशही वाचून घ्या. या प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक-केंद्राच्या वेळ-सर्व्हरशी यंत्रणा जुळवून ठेवायला त्यात सांगितले आहे. यंत्र बंद करून चालू केल्यावर तारीख थेट काही वर्षे मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. बहुतेक यंत्रांत तो सीआर२०३२ असतो. नवा घाला, विषय संपला.

बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर कोणीतरी यूटीसीला, म्हणजे जगभरच्या घड्याळांच्या मूळ संदर्भवेळेला, स्थानिक वेळ समजले आहे, किंवा उलट. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून ती +५:३०. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर हे रोजचेच. मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असे विंडोज धरून चालते, तर लिनक्स तिथे यूटीसी आहे असे मानते. दोघे आळीपाळीने एकमेकांचे काम बिघडवतात. विंडोजच्या रजिस्ट्रीत (तिच्या आतल्या सेटिंगच्या कोठारात) 'रियलटाइमइजयुनिव्हर्सल' ही नोंद १ करून दोघांनाही यूटीसीवर आणणे हा त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग.

बरोबर एक तासाचा फरक असेल तर माझ्या ड्रायव्हरची गोष्ट. समोरच्या देशाची उन्हाळी वेळ तुमच्या प्रोग्रामला माहीत नाही, किंवा त्याच्याकडची वही जुनी आहे.

तेवीस मिनिटांचा फरक सगळ्यात गमतीचा. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी दोन दिवस डोके खाजवत होतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'पायटीझेड' ही जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून 'एशिया/कोलकाता' हा झोन तारखेला थेट चिकटवला की ती त्या झोनची पहिलीच नोंद उचलते. ती नोंद प्रमाणवेळ येण्याआधीची, कोलकाता शहराच्या सूर्याची, म्हणजे +५:५३ ची. म्हणून सकाळी १० ची नोंद ९:३७ ला जाऊन पडते. या लायब्ररीत झोन 'लोकलाइज' करूनच लावायचा असतो. नवे काम असेल तर ती सोडाच. पायथन ३.९ पासून 'झोनइन्फो' सोबतच येते, तिला हा आजार नाही.

तारीखच एका दिवसाने मागे सरकली असेल तर? ते शेवटी घेतो, कारण हॉटेलवाल्यांना सगळ्यात जास्त फटका त्याचाच बसतो.

यंत्राचे सेटिंग

(कमांड आणि नावे इथे देवनागरीत देतो आहे, टाइप मात्र रोमन लिपीत करायची.)

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग वेळ आणि भाषा, मग तारीख आणि वेळ. तिथे दोन आपोआपची बटणे दिसतात आणि लोक दोन्हींना एकच समजतात. वेळ आपोआप ठरवण्याचे बटण चालू ठेवा. टाइम झोन आपोआप ठरवण्याचे बटण काउंटरवरच्या, जागेवरून न हलणाऱ्या संगणकावर बंद करा आणि झोन हाताने निवडा. तो संगणक कुठेही जाणार नाही, मग लोकेशनवरून झोन चुकण्याची संधी त्याला कशाला द्यायची? सतत फिरणाऱ्या लॅपटॉपवर मात्र दोन्ही चालू असू द्या.

यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' असा आपला झोन आहे. त्याच्या जवळच 'श्री जयवर्धनेपुरा' दिसतो, तोही +५:३०. घाईत तो निवडलेले संगणक मी दोनदा पाहिले आहेत. आज काही फरक पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण श्रीलंकेने १९९६ ते २००६ या काळात वेगळी वेळ चालवली होती. उद्या त्यांनी पुन्हा बदल केला तर तुमचे बिलिंग कोलंबोच्या मागे जाईल. खात्री करायची असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'टीझेडयुटिल /जी' लिहा. उत्तर 'इंडिया स्टँडर्ड टाइम' असेच आले पाहिजे.

लिनक्स सर्व्हरवर 'टाइमडेटसीटीएल' एवढेच लिहिले की सगळे एकत्र दिसते: स्थानिक वेळ, यूटीसी, झोनचे नाव आणि वेळ जुळवणे चालू आहे की नाही. बदलायचे असेल तर 'टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता'. सर्व्हरवर अनेक देशांची कामे असतील तर माझे मत वेगळे आहे. सर्व्हर यूटीसीवर ठेवा, माणसांना दाखवताना त्यांची वेळ दाखवा. फक्त क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, कामे तपासून घ्या. ती यंत्राच्या स्थानिक वेळेने चालतात, म्हणजे 'रात्री २ चा बॅकअप' यूटीसीवर गेल्यावर सकाळी साडेसातला सुरू होईल, नेमका नाश्त्याच्या आणि चेक-आउटच्या गर्दीत.

फोनवर नेटवर्कची वेळ आणि नेटवर्कचा झोन दोन्ही चालू ठेवले की पुरे. अपवाद तारवट्यांचा, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचा. बोटीवरचे घड्याळ कप्तानाच्या सूचनेने पुढे-मागे होते आणि भर समुद्रात फोनला मोबाइल टॉवर सापडत नाही. बोटीवर चढल्यावर झोन हातानेच लावायचा आणि उतरल्यावर परत आपोआपवर टाकायचा. घरच्यांनी कॅलेंडरमध्ये दुसरा झोन जोडून घ्यावा. दुबई आपल्या दीड तास मागे, कुवेत अडीच तास मागे, आणि तिथे उन्हाळी वेळेची भानगड नाही. ज्यांची मुले लिस्बन किंवा लंडनला आहेत त्यांना मात्र आकडा पाठ करून चालणार नाही.

यादी ताजी आहे का?

नाव बरोबर असले तरी नावामागची वही जुनी असू शकते. ही वही म्हणजे टीझेड डेटाबेस. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली, म्हणून जुने लोक तिला ओल्सन डेटाबेस म्हणतात. २०११ पासून ती, इंटरनेटची नावे आणि क्रमांक सांभाळणाऱ्या आयएएनएच्या छत्राखाली आहे आणि पॉल एगर्ट तिची देखरेख करतात. आवृत्त्यांना वर्ष आणि अक्षर असे नाव असते: २०२४ए, २०२४बी, २०२५ए. वर्षातून काही वेळा नवी येते. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ लांबणीवर टाकायचे अगदी ऐनवेळी जाहीर केले, देशात काही दिवस दोन घड्याळे चालली आणि मग निर्णय मागे घेतला. त्या एका घोळासाठी २०२३बी निघाली आणि तो पुसायला लगेच २०२३सी.

तुमच्याकडची वही ताजी आहे का हे बघायला मी दोन शहरे वापरतो. पहिले अल्माटी. कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळ्या देशाला +५ वर आणले, त्याआधी अल्माटी +६ वर होते. म्हणून आज अल्माटीचे घड्याळ आपल्या अर्धा तास मागे दिसले पाहिजे. अर्धा तास पुढे दिसले तर यादी २०२४एच्या आधीची. दुसरे पॅराग्वेचे असुन्सियोन. तिथे ऑक्टोबर २०२४ पासून बारमाही −३ ठेवले आहे. जुलैतली एखादी तारीख देऊन बघा. असुन्सियोन आपल्या साडेआठ तास मागे आले तर यादी २०२५ए किंवा त्यानंतरची, साडेनऊ आले तर जुनी.

ही परीक्षा एकदा घेऊन भागत नाही, कारण एकाच यंत्रात पाच-पाच वह्या असतात. इथेच बहुतेकांचे फसते: ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली म्हणजे झाले, असे वाटते.

लिनक्सची वही 'टीझेडडेटा' या पॅकेजात असते. ते अपडेट झाले तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्राम जुनी पाने तोंडपाठ करून बसलेले असतात, म्हणून सेवा रीस्टार्ट करा. विंडोजची वही वेगळीच, मायक्रोसॉफ्टची स्वतःची, मासिक अपडेटमधून येणारी. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. वाढीव अपडेट घेतले नसतील तर त्या यंत्रांची वही तिथेच गोठली असे समजा. अँड्रॉइड १० पासून ही यादी गूगल प्लेच्या सिस्टिम अपडेटमधूनही येऊ शकते.

जावा ही प्रोग्रामिंगची भाषा स्वतःची वही बाळगते. तिचा साधनसंच, म्हणजे जेडीके, नवा करा, किंवा ते जमत नसेल तर ओरॅकलचे 'टीझेडअपडेटर' चालवा. वेबसाइटसाठीच्या पीएचपी भाषेतही स्वतःची प्रत असते. पायथनचे झोनइन्फो लिनक्सवर सिस्टिमची वही वाचते, पण विंडोजवर वाचायला काही नसते, तिथे 'टीझेडडेटा' हे पायथन पॅकेज वेगळे बसवावे लागते आणि अपडेटही करावे लागते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये झोनची कोष्टके मुळात रिकामी असू शकतात. 'कन्व्हर्ट_टीझेड'ला झोनची नावे दिल्यावर 'नल' (रिकामे उत्तर) परत आले तर समजा की कोष्टके भरलेलीच नाहीत. 'मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल' या साधनाने ती भरायची, आणि सिस्टिमची वही बदलली की पुन्हा भरायची.

प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारे डॉकर वापरत असाल तर अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरपासून सावध. त्यात 'टीझेडडेटा' आधीपासून नसते. तुम्ही 'टीझेड' या व्हेरिएबलमध्ये एशिया/कोलकाता लिहिता, तो चूक दाखवत नाही, तक्रार करत नाही, मुकाट्याने यूटीसीवर चालतो. पॅकेज बसवा, आणि कंटेनरच्या आत जाऊन 'डेट' लिहून डोळ्यांनी बघा.

आयएसटी म्हणजे कोणाची?

'आयएसटी' (इंडियन स्टँडर्ड टाइम) हे आपल्या तोंडी इतके बसले आहे की आपण ते प्रोग्राममध्येही लिहितो. पण इस्राएलची प्रमाणवेळ आयएसटी, आयर्लंडची उन्हाळी वेळही आयएसटी. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या १८ च्या आधीच्या आवृत्त्यांत, मूळ सेटिंगमध्ये, आयएसटी म्हणजे इस्राएल, +२. म्हणजे 'सायंकाळी ६ आयएसटी' असे तुम्ही लिहाल आणि तो रात्री साडेनऊ समजेल. हणजूणच्या किनाऱ्यावर इस्राएली पाहुणे पुष्कळ भेटतात, डेटाबेसमध्येही भेटतील असे वाटले नव्हते. पोस्टग्रेसला 'इंडिया' नावाचा संक्षेपांचा संच लावता येतो, पण त्यापेक्षा पूर्ण नावच लिहा.

आकडा लिहायची खोड असणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा: पॉसिक्स या युनिक्स-लिनक्सच्या प्रमाण पद्धतीत चिन्हे उलटी असतात. तिथे भारताची वेळ 'आयएसटी-५:३०' अशी वजा चिन्हाने लिहितात, आणि 'ईटीसी/जीएमटी-५' म्हणजे ग्रीनिचच्या पाच तास पुढे. मी तरी दर वेळी गोंधळतो.

नावाबद्दलही एक गोष्ट. ब्राउझरला झोन विचारला तर क्रोमकडून बरीच वर्षे 'एशिया/कलकत्ता' हे जुने नाव येत आले आहे आणि फायरफॉक्सकडून 'एशिया/कोलकाता'. दोन्ही एकच. पण प्रोग्राममध्ये 'झोन कोलकाता असेल तरच भारतीय दर दाखवा' अशी अक्षरे जुळवणारी अट असेल तर अर्धे ग्राहक परदेशी ठरतील.

नोंद कशी साठवायची

घडून गेलेली गोष्ट, म्हणजे पैसे कधी मिळाले, दार कधी उघडले, ती यूटीसीत साठवा. पुढे घडायची गोष्ट तशी साठवू नका. लंडनच्या एजंटशी दर मंगळवारी तिथल्या दुपारी २ ला बोलायचे ठरले असेल तर 'दुपारी २, यूरोप/लंडन' असेच लिहून ठेवा. आपल्याकडे ते उन्हाळ्यात सायंकाळी साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला येईल, ते यंत्राला काढू द्या. आजच यूटीसीत बदलून ठेवले आणि मधल्या काळात त्यांच्या संसदेने नियम बदलला, तर तुमच्याकडची नोंद चुकेल आणि मूळ ठरलेली वेळ कोणती होती याचा मागमूसही उरणार नाही. कॅलेंडरमध्येही भेट नोंदवताना तिचा झोन बघा. ज्याचे घड्याळ हलते त्याच्या झोनवर भेट टांगायची की आपल्या, हे आधी तोंडी ठरवा.

आता तो एका दिवसाचा घोळ. २४ डिसेंबरचे बुकिंग आले. प्रोग्रामने त्याला '२४ डिसेंबर, रात्री १२:००, भारतीय वेळ' केले आणि यूटीसीत साठवले. ते झाले २३ डिसेंबर, सायंकाळी ६:३०. दुसऱ्या एका स्क्रीनने त्यातला तारखेचा भाग तेवढा उचलला आणि नाताळच्या गर्दीत पाहुण्याची खोली एक दिवस आधी अडवली. चेक-इनची तारीख, वाढदिवस, परवान्याची मुदत या नुसत्या तारखा आहेत, त्यांना वेळ नाही आणि झोनही नाही. डेटाबेसमध्ये 'डेट' प्रकारच ठेवा.

जुन्या नोंदी संगणकात चढवणाऱ्यांसाठी एक इशारा. 'एशिया/कोलकाता'मागचा इतिहास कोलकात्याचा आहे, पणजीचा नाही. या डेटाबेसमध्ये १९७० नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच स्वतंत्र नाव मिळते. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता, पण त्या काळाचा गोव्याचा वेगळा झोन यादीत नाही. आजोबांच्या जन्मनोंदीतली किंवा चर्चच्या दप्तरातली वेळ जशी लिहिली आहे तशीच मजकूर म्हणून ठेवा, संगणकाला ती बदलायला सांगू नका.

वर्षभरात काय करायचे

मी काउंटरच्या मागच्या भिंतीवर, कालनिर्णयवरच, चार रविवारांभोवती लाल गोल काढतो. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत येतात, २०२६ मध्ये २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातले अंतरही नेहमीचे नसते, हे तिथल्या एजंटांच्याही ध्यानात राहत नाही. मॉस्कोने २०१४ पासून घड्याळ हलवलेले नाही, ते बारमाही आपल्या अडीच तास मागे.

लाल गोलाच्या आधीच्या गुरुवारी अल्माटी आणि असुन्सियोनची परीक्षा सगळ्या यंत्रांवर, जावात, डेटाबेसमध्ये, कंटेनरमध्ये. शुक्रवारी लागेल ते अपडेट आणि रीस्टार्ट, दुपारच्या जेवणानंतर, काउंटर सुस्त असतो तेव्हा. शनिवारी पुढच्या तीन दिवसांच्या गाड्यांच्या वेळा तिकिटांवरून पुन्हा ताडून बघायच्या आणि ड्रायव्हरला पाठवायच्या. त्या सोमवारनंतर तो मेसेज वाचून नुसता अंगठा पाठवत नाही. "वेळ तिकिटावरची की शीटमधली?" असे विचारतो.